चौदावी पायरी

१

तेराव्या पायरीपर्यंत सगळं सुरळीत चाललं होतं. सुरळीत म्हणजे, या धंद्यात जितकं चालतं तितकंच.

ताइनान शहरात एका देवळामागच्या गल्लीत, माशाची पेज विकणाऱ्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर चार माणसांचं एक ऑफिस होतं. तिथे 'काइकोउ' नावाचं सॉफ्टवेअर बनायचं. ज्यांचा आवाज गेला आहे किंवा जाणार आहे, त्यांच्यासाठी. आवाज शाबूत असतानाच माणसाने सोळाशे वाक्यं बोलून ठेवायची. पहिलं वाक्य सगळ्यांचं सारखं, 'माझं नाव अमुक अमुक'. पुढे आवाज गेला की माणूस पडद्यावरच्या अक्षरांकडे नुसता बघतो आणि काइकोउ त्याच्याच आवाजात बोलतं. विंडोज असो, मॅक असो, लिनक्स असो, तिन्हींवर चाललं पाहिजे, कारण आजारी माणसाच्या घरी कुठला संगणक असेल ते आपल्या हातात नसतं.

प्रोग्रामरने लिहिलेला मूळ मजकूर वेगळा आणि घरोघरी चालतं ते सॉफ्टवेअर वेगळं. एकातून दुसरं तयार करायचं, त्याला हे लोक बिल्ड म्हणतात. काइकोउचं बिल्ड आठ वर्षं एकटे पेंगदादा करायचे. मागच्या शरद ऋतूत घशाच्या त्रासाचं निमित्त होऊन ते नोकरी सोडून गावाकडे मासे वाढवायला गेले. मागे ठेवली एक फाइल. तिच्यात बिल्ड कसं करायचं याच्या एकोणीस पायऱ्या होत्या, आणि त्यातल्या निम्म्या आता जुन्या झाल्या होत्या.

त्या नव्या करायचं काम काओ मिनरूकडे आलं. मिनरू चौतिशीची, बारीक आवाजाची, आणि कुठलीही बंद पेटी दिसली की उघडून बघणारी. कामाची रीत साधी होती. कोरा संगणक घ्यायचा, आपण परके आहोत असं समजायचं, आणि फाइलमध्ये लिहिलंय तेवढंच करायचं, पदरचं काही घालायचं नाही. जिथे अडेल तिथे सूचना दुरुस्त करायची. शिवाय तिचा स्वतःचा एक नियम होता आणि तो तिने ऑफिसच्या फळ्यावर ठळक लिहून ठेवला होता: जी पायरी का करायची हे कुणालाच सांगता येत नाही, ती काढून टाका आणि काय मोडतं ते बघा.

घाई होती. तीस जूनला सगळ्यांच्या संगणकांवर संगणक चालवणारी नवी प्रणाली येणार होती आणि तिच्यावर जुनं काइकोउ उघडणार नव्हतं. दोनशे बारा माणसं त्या दिवशी गप्प होणार होती. यादीत त्रेसष्ट नंबरवर, कुणा गेलेल्या माणसाच्या रिकाम्या झालेल्या जागी, मिनरूचे आपा, म्हणजे वडील, होते. आनपिंगच्या मासळी बाजारात तीस वर्षं त्यांनी लिलाव पुकारला होता. त्यांचा आवाज धक्क्याच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जायचा असं म्हणत, आणि त्यात फारशी अतिशयोक्ती नव्हती. आता त्यांचं सगळं शरीर थांबलं होतं आणि डोळे तेवढे हलत होते. घरी गेल्यावर 'मिनरू, जेवलीस का?' असं विचारणारा आवाज त्या यंत्रातून यायचा. तो तसाच येत राहावा, एवढंच तिला हवं होतं.

चौदाव्या पायरीत लिहिलं होतं: 'आवाज भरा. नऊ मिनिटं लागतात. त्याआधी खुर्ची टेबलापासून वीतभर मागे ओढून ठेवा. खोलीबाहेर जा. दार लावा. नऊ मिनिटांनी दार वाजवून मगच आत या.'

मिनरूने ते दोनदा वाचलं आणि तिला हसू आलं.

२

हसण्यासारखं होतं, पण नवल करण्यासारखं नव्हतं. या बेटावर यंत्राशी लाडीगोडीने वागण्याची जुनी पद्धत आहे. बँक असो की दवाखाना, जिथे म्हणून महत्त्वाचं यंत्र आहे तिथे त्याच्या डोक्यावर मक्याच्या कुरकुऱ्यांचं एक हिरवं पाकीट ठेवलेलं असतं, खोबऱ्याच्या चवीचं. हिरवंच लागतं. पिवळं ठेवलं तर यंत्र रुसतं, म्हणतात. पाकीट फोडायचं नाही आणि तारीख उलटू द्यायची नाही. मोठमोठे इंजिनिअर हे करतात, आणि कुणी कारण विचारलं तर ठेवायला काय जातं म्हणतात.

काइकोउच्या बिल्डच्या खोलीतही पाकीट होतं. ते मालकीणबाई स्वतः बदलायच्या, त्यांना सगळे लियानताई म्हणत. दर बिल्डनंतर पाकीट चपटं व्हायचं. सील जसंच्या तसं, पण आत हवाही नाही आणि कुरकुरेही नसल्यासारखं. उन्हाळ्यात हवा निघून जाते, असं म्हणून लियानताई जुनं कचऱ्यात टाकायच्या आणि नवं ठेवायच्या. मिनरूने ते आजवर कितीदा तरी पाहिलं होतं आणि कधी विचार केला नव्हता. चौदावी पायरीही त्याच घराण्यातली, असं तिने ठरवलं.

बिल्डची खोली म्हणजे पूर्वीची अडगळीची जागा. खिडकी नव्हती. तीन संगणक, एक टेबल, एक चाकांची खुर्ची, भिंतीवर एसी. दाराच्या वरच्या अर्ध्या भागात दुधी काच, पलीकडचं नुसतं अंधुक दिसावं अशी. संगणकांना स्पीकर नव्हते. कुणी लावलेच नव्हते, कारण तिथे कुणाला काही ऐकायचं नसायचं.

तिने चौदाव्या पायरीतली चार वाक्यं पुसली. 'आवाज भरा. नऊ मिनिटं लागतात.' एवढंच ठेवलं आणि खुर्चीत बसून राहिली. पडद्यावर आकडे सरकत होते, एक, दोन, तीन. एसी घुरघुरत होता. खालून पेजेच्या दुकानातल्या बाईंचा गिऱ्हाइकावर चिडलेला आवाज येत होता. नऊ मिनिटांनी दोनशे बारा आकडा आला, एकही चूक न दाखवता. मिनरूला जरा निराशाच वाटली, खरं सांगायचं तर.

मग तिने हेडफोन लावून आपांचा आवाज तपासला. काही आलं नाही. तिने बासष्ट नंबर लावला, चौसष्ट लावला, शंभर लावला. फाइली सगळ्या जागेवर होत्या, प्रत्येकीची लांबी बरोबर होती, आणि आत आवाज नव्हता. आवाज मोठा करून नीट ऐकलं तेव्हा कळलं की अगदीच रिकाम्या नाहीत. कुणीतरी बोलायच्या आधी श्वास आत घ्यावा आणि समोर कोणी बसलंय हे बघून तो तसाच धरून ठेवावा, तेवढं ऐकू येत होतं.

तिने पुसलेलं परत लिहिलं. खुर्ची मागे ओढली, बाहेर गेली, दार लावलं, नऊ मिनिटं ऑफिसातल्या झाडांना पाणी घातलं, दार वाजवून आत आली. दोनशे बाराच्या दोनशे बारा आवाज भरले होते. आपा हेडफोनमध्ये खणखणीत बोलले, 'माझं नाव काओ थ्येनफू.'

एकदा घडलं तर योगायोग. म्हणून तिने दुसऱ्या दिवशी ते चार वेळा करून पाहिलं. दोनदा आत बसली, दोनदा बाहेर. आत बसली की मुके, बाहेर गेली की बोलके. तिने एसी बंद करून पाहिला, खोलीतला स्वतःचा मोबाइल बाहेर नेऊन पाहिला, माणसाच्या अंगाच्या उष्णतेने एखादा भाग बिघडतो का याचं गणितही मांडलं. बोवेनला सांगितलं. बोवेन म्हणजे ऑफिसातला दुसरा प्रोग्रामर, उत्तरेकडून आलेला, दिवसाला तीन कप दुधाचा चहा पिणारा. त्याने मन लावून ऐकून घेतलं.

"मिनरूताई, यंत्राला लाज वाटत असेल," तो म्हणाला. "आपण कपडे बदलताना कुणी समोर बसलेलं चालेल का?"

ती हसली. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर तिला वाटलं, आत्तापर्यंत ऐकलेल्या कारणांत त्यातल्या त्यात तेच पटण्यासारखं आहे.

३

अशा फाइलींना एक सोय असते. कुणी, कधी, कुठला शब्द बदलला, याची नोंद आपोआप राहते. मिनरूने चौदाव्या पायरीची सगळी नोंद उघडली.

अगदी पहिल्या दिवसापासून तिथे 'खोलीबाहेर जा' एवढं होतं. ते कुणी लिहिलं याचं नाव नव्हतं, कारण फाइल नोंदी ठेवायच्या आधीची होती. नऊ वर्षांपूर्वी ल्यू शूझेन नावाच्या बाईंनी ते वाक्य काढलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनीच परत घातलं होतं, आणि पुढे वाढवलं होतं, 'दार लावा'. कारणाच्या रकान्यात काही नाही. मग आठ वर्षं कुणी हात लावला नाही. मागच्या शरद ऋतूत पेंगदादांनी ते काढलं. तीन दिवसांनी त्यांनीच परत घातलं आणि खुर्चीचं आणि दार वाजवण्याचं वाक्य वाढवलं.

म्हणजे या माणसाने आठ वर्षं दम धरला आणि मग त्याला धरवला नाही. मिनरूला ते फार जवळचं वाटलं. तिने त्यांना फोन केला.

पलीकडे तळ्यात हवा सोडणाऱ्या चक्रांचा खळखळाट चालला होता. पेंगदादा प्रत्येक उत्तराआधी थोडे थांबत. गावाकडची लाइन, तिने मनात म्हटलं. त्यांनी आधी मासे कसे झालेत ते सांगितलं, लियानताईंना पाठवतो म्हणाले, आपांची चौकशी केली. मग तिने विचारायच्या आतच ते म्हणाले, "चौदावी का?"

"हो दादा. मी काढून बघितली."

"आणि परत घातलीस."

"घातली. पण का घालायची ते लिहायला नको का? उद्या नवीन माणूस येईल, तो विचारेल."

बराच वेळ नुसती चक्रं ऐकू आली. "विचारू दे की. तू सांगू नकोस."

"तुम्ही आत थांबला होतात?"

"थांबून काय उपयोग, तुला माहितेय. थांबलं की ते थांबतं." पुन्हा खळखळाट. "मी ऐकलं."

काय ऐकलं, कसं ऐकलं, हे तिने तीन तऱ्हांनी विचारलं. पेंगदादांनी तीनही वेळा तळ्यातल्या माशांकडे विषय नेला. शेवटी ठेवतो म्हणाले, आणि ठेवायच्या आधी थांबून त्यांनी एक विचित्र प्रश्न केला.

"मिनरू, तुझा आवाज लहानपणापासून असाच बारीक आहे का?"

"हो. का?"

"काही नाही. छान आहे."

फोन ठेवल्यावर शहाण्या माणसाने विषय तिथेच सोडला असता. पेंगदादांनी जे सांगितलं त्यात नको हा एकच अर्थ होता. मिनरूच्या कानात मात्र एकच शब्द राहिला, ऐकलं. म्हणजे ऐकता येतं. हे तिला सुचलंच नव्हतं.

४

ड्रॅगन होड्यांचा सण नुकताच झाला होता. लियानताईंनी सगळ्यांसाठी झोंगझे आणले होते, वेळूच्या पानात बांधून उकडलेला चिकट भात, आत डुकराचं मांस आणि शेंगदाणे. बोवेन म्हणाला, उत्तरेकडचे जास्त मोकळे होतात. लियानताई म्हणाल्या, उत्तरेकडचे म्हणजे तेलभाताला पान गुंडाळून केलेली फसवणूक. हा वाद दर वर्षी होतो आणि कुणीच हरत नाही.

अठ्ठावीस जून होता तो. विंडोज आणि लिनक्सचं बिल्ड झालं होतं, मॅकचं राहिलं होतं. दुपारी सव्वाचारला मिनरू मॅकवर चौदाव्या पायरीपाशी आली. तिने खुर्ची वीतभर मागे ओढली. मोबाइलवर आवाज टिपायला लावला आणि तो हिरव्या पाकिटाच्या मागे उभा केला. मग बाहेर येऊन दार लावलं आणि दारासमोरच्या स्टुलावर झोंगझे घेऊन बसली.

ती बसते न बसते तोच कचऱ्याची गाडी गल्लीच्या तोंडाशी आली. या गाड्या सुरावट वाजवत येतात आणि ती ऐकली की सगळी गल्ली पिशव्या घेऊन धावते. बोवेनही दोन पिशव्या घेऊन जिन्यावरून पळाला. मिनरूने सहज मान वर केली.

दुधी काचेपलीकडे खुर्चीची काळी पाठ अंधुक दिसत होती. ती हलली. गोल फिरली नाही, सरकली. टेबलाकडे, हळूच, आपल्या वजनासकट. आपण बसतो आणि मग पायांनी खुर्ची पुढे घेतो, तशी.

एसीचा वारा, मिनरूने मनात म्हटलं. चाकांची खुर्ची आहे, जमीन उताराची असेल. ती सगळी कारणं तिने नीट मनातल्या मनात मांडली आणि हातातला घास पानावर परत ठेवला. तिला भीती वाटत होती, हे खरं. पण भीतीपेक्षा काचेला नाक लावून बघावं ही इच्छा मोठी होती आणि तिची तिला लाज वाटली. नऊ मिनिटं झाली तेव्हा तिने दार वाजवलं. वाजवून ती थांबली, आणि आपण आतून कुणी 'या' म्हणायची वाट बघतोय हे तिच्या लक्षात आलं.

खोलीत कुणी नव्हतं. खुर्ची टेबलाला चिकटून होती. हिरवं पाकीट सीलबंद होतं आणि चपटं झालं होतं. आवाज सगळे भरले होते.

तिने दार उघडं ठेवलं, हेडफोन लावले आणि मोबाइलवरचं लावलं. आधी तिचीच पावलं. दार. मग एसी, आणि लांबून कचऱ्याच्या गाडीची सुरावट. मग चाकांचा आवाज आणि खुर्चीच्या स्प्रिंगचा, कुणी बसल्यावर येतो तो. पाकीट कुरकुरलं. मग एक श्वास.

आणि एका म्हाताऱ्या बाईचा आवाज, मोबाइलच्या अगदी जवळ: 'माझं नाव चाय मेइयू.' ती यादीत एक नंबरवर होती. मग श्वास. मग एका पुरुषाचा आवाज, यादीतला दुसरा. श्वास. तिसरा. कुणी घाई करत नव्हतं. आवाज बदलत होते, म्हातारे, तरुण, घोगरे, किनरे, प्रत्येक जण आपलं नाव, क्वचित एखादं वाक्य, बोलून थांबत होता, पण मधला श्वास सगळ्यांचा एकच होता. थोडा जड, शेवटी बारीक शिट्टी वाजणारा. बाहेर ती सुरावट जवळ आली तेव्हा आतलं कुणीतरी तिच्याबरोबर गुणगुणलं, आणि गुणगुणता गुणगुणताच नावंही चालू राहिली.

त्रेसष्टाव्या श्वासानंतर आपा बोलले. 'माझं नाव काओ थ्येनफू.' आणि मग लिलावातलं, 'तीनशे, तीनशे दहा, कोण बोलतंय तीनशे वीस.' आणि मग, 'मिनरू, जेवलीस का?'

मिनरूच्या डोळ्यांत पाणी आलं. हुबेहूब आपा होते. दोन वर्षं रोज संध्याकाळी तिने हाच आवाज ऐकला होता, त्याला उत्तर दिलं होतं, त्याच्याशी भांडलीसुद्धा होती. दोन वर्षं तो कुणाच्या तोंडून येत होता, हा विचार तिच्या मनाच्या दाराशी आला. तिने त्याला आत घेतलं नाही.

तिथेच थांबायला हवं होतं. ती थांबली नाही. एकशे अठरा नंबरवर एक बाई म्हणाली, 'माझं नाव ल्यू शूझेन.' दोनशे नऊवर एक पुरुष म्हणाला, 'माझं नाव पेंग कुओह्वेइ.' आणि फोनवर प्रत्येक उत्तराआधी पेंगदादा का थांबत होते, ते मिनरूला कळलं. ती लाइन गावाकडची नव्हती. ते काइकोउने बोलत होते.

दोनशे बारा झाले. एसीचा आवाज. मग पुन्हा तोच श्वास, थोडा लांबलेला, नवं काहीतरी करून बघण्याआधी घेतात तसा.

'माझं नाव,' एक बारीक आवाज म्हणाला, 'काओ मिनरू.'

मग दारावर टकटक झाली. ती तिची स्वतःची होती, आणि तिथे ध्वनिमुद्रण संपलं.

५

यादी आता दोनशे तेराची झाली होती. शेवटच्या ओळीत तिचं नाव आणि आजची तारीख. ती ओळ मिनरूने लिहिली नव्हती. तिच्या नावाच्या फोल्डरमध्ये सोळाशे वाक्यं होती, आणि तिने आयुष्यात काइकोउसाठी एकही वाक्य बोलून ठेवलेलं नव्हतं.

तिने ती ओळ खोडली. पुन्हा बिल्ड केलं, सगळं नियमाने, खुर्ची ओढून, बाहेर जाऊन, दार वाजवून. या वेळी खोलीत मोबाइल ठेवला नाही. आत येऊन तपासलं तर दोनशे बाराच्या दोनशे बारा मुके. नुसता धरलेला श्वास. तिने विंडोजचं आणि लिनक्सचं कालचं बिल्ड उघडून पाहिलं. तीही मुकी झाली होती, आणि त्यांना तर तिने हातही लावला नव्हता.

एकोणतीस तारखेची सकाळ तिने त्या खोलीत काढली. लियानताई दोनदा डोकावून गेल्या, उद्या पाठवायचंय म्हणून आठवण करून. बोवेनने विचारलं, अडलंय का काही. ती नाही म्हणाली, आणि म्हणताना घसा खाकरला. मनात तिने स्वतःशी वाद घातला. आवाजाची कुणी नक्कल केली म्हणून आवाज जातो थोडाच. ल्यूबाईंना काही आजार असेल, पेंगदादा सिगारेट ओढायचे. मुकी फाइल हा बिघाड आहे आणि बिघाडाला कारण असतं, ते आज सापडत नाही इतकंच. तिची कारणं चांगली होती. अडचण एवढीच होती की शेवटच्या कारणापर्यंत पोचलं की आपा उद्यापासून गप्प होत होते. बाजारातला तो आवाज, धक्क्याच्या दुसऱ्या टोकाला जाणारा. त्यांना तहान लागली तरी ते वाकीनीला ओळखावं लागणार होतं. वाकीनी त्यांची देखभाल करणारी मुलगी, गुणाची होती, पण इंडोनेशियाहून आलेली, आणि डोळ्यांची भाषा तिला अजून नीट येत नव्हती.

अकरा वाजता मिनरूने ओळ परत घातली. दोनशे तेरा. खुर्ची मागे ओढली, नवं हिरवं पाकीट ठेवलं, बाहेर गेली, दार लावलं. काचेकडे पाठ करून बसली. तिन्ही संगणकांवर बिल्ड झालं आणि तिन्हींवर सगळे बोलू लागले.

फळ्यावरचा नियम तिने ओल्या फडक्याने पुसला. फाइलमध्ये एकोणीस पायऱ्या नव्या झाल्या होत्या. चौदावीत तिने एक वाक्य वाढवलं, 'आत काय चालतं ते ऐकू नका.' बोवेनने वाचून विचारलं, का? कारणाच्या रकान्यात लिहावं असं तिला वाटलं, पण तिने तो रकाना रिकामाच ठेवला आणि खांदे उडवले. बोवेन फळ्याच्या पुसलेल्या जागेकडे बघत राहिला.

संध्याकाळी तिने आपांच्या संगणकावर नवं काइकोउ बसवलं. वाकीनी स्वयंपाकघरात फळं कापत होती. आपांनी पडद्याकडे पाहिलं, अक्षरांवरून त्यांचे डोळे फिरले, एकेक अक्षर, नेहमीसारखे सावकाश. मिनरू पलंगाशेजारी हात धरून बसली होती. नेहमीचा प्रश्न येणार हे तिला माहीत होतं, आणि तो आलाच.

"मिनरू, जेवलीस का?"

आवाज त्यांचाच होता, खणखणीत. तिने उत्तर द्यायला तोंड उघडलं. हवा आत गेली आणि तिथेच राहिली. तिने पुन्हा प्रयत्न केला. ओठ हलले, जीभ हलली, आणि खोलीत पंख्याखेरीज काही ऐकू आलं नाही. आपा वाट बघत होते. त्यांना सवय होती, लगेच उत्तर यायची.

मिनरूने त्यांचा हात हलकेच खाली ठेवला. पडदा आपल्याकडे वळवला. आवाजांच्या यादीत अगदी खाली गेली, दोनशे तेरापर्यंत, आणि अक्षरांकडे बघू लागली. नवशिकी होती, वेळ लागला.

यंत्राने आधी श्वास घेतला. थोडा जड, शेवटी बारीक शिट्टी वाजणारा.

"जेवले, आपा," तिचा आवाज म्हणाला.